तीन मीटर वर उचललेला थर

निवृत्त माणसाने पुन्हा कोणाच्या कचेरीत पाय ठेवू नये, असे माझे मत होते. आजही आहे. तरीही गेलो. चंद्रपुरातल्या एका संस्थेने चामोर्शी तालुक्यातील काही गावांत पिण्याच्या पाण्याच्या विहिरी खोदून देण्याचे काम अंगावर घेतले होते. विहीर कुठे घ्यायची आणि किती खोल न्यायची, हे तिथे संगणकातल्या त्रिमितीय चित्रावरून ठरत असे. ते चित्र तपासायचे आणि विहीर पूर्ण झाली की तिच्या खोलीवर सही करायची, एवढेच माझ्याकडे होते. माझी सगळी नोकरी भूवैज्ञानिक म्हणून याच दोन जिल्ह्यांत झालेली. त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडले नाही. हवे होते.

चित्र कसे असते ते सांगतो. जमिनीचा एक चौकोनी ठोकळा पडद्यावर अधांतरी लटकत असतो. हात हलवला की तो गिरकी घेतो. पाहुण्यांना ही गिरकी फार आवडते. ठोकळ्यात एकाखाली एक थर, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला त्या थरांची यादी. प्रत्येक नावापुढे एक डोळा. डोळा मिटला की थर दिसेनासा होतो, उघडला की पुन्हा दिसतो. थराला रंग देता येतो, काचेसारखा पारदर्शक करता येतो, धरून वर किंवा खाली सरकवता येतो. एवढे अधिकार हाती आले की माणसाला जमीन आपलीच वाटू लागते.

चामोर्शीकडची जमीन साधी आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मुरुमाखाली पत्थर. पावसाचे पाणी मातीतून उतरते, मुरुमातून झिरपते आणि पत्थरावर येऊन थांबते. म्हणून विहीर पत्थराला टेकली पाहिजे. मुरुमातच अडकलेली विहीर होळीपर्यंत ओल दाखवते आणि मग तोंड उघडे ठेवून उन्हाळाभर पडून राहते. यापलीकडे त्या भागात शास्त्र फारसे नाही.

पण या तीन गोष्टींची यादी कचेरीत पडद्यावर मावत नव्हती. ती खाली, आणखी खाली सरकवत न्यावी लागे. माती, माती जुनी, माती अंतिम, मुरूम, मुरूम दुसरा गट, मुरूम अंतिम, मुरूम वापरू नये. जे वापरू नये ते ठेवले कशासाठी, असे मी पहिल्याच दिवशी विचारले. प्रकल्पप्रमुख पुण्याकडून आलेले, सौम्य आवाजाचे गृहस्थ होते. चूक बोलतानाही त्यांचा आवाज चढत नसे.

"सर, थर काढून टाकण्याची आपल्याकडे पद्धत नाही."

"का?"

"ज्याने बनवला त्याचे ते काम आहे. वार्षिक आढाव्यात प्रत्येकाचे थर मोजतात. मी काढला तर त्याचे काम गेले."

म्हणजे ज्याचे थर जास्त, तो अधिक कष्टाळू. या न्यायाने पृथ्वी आळशी ठरते.

जुने दिवस बरे होते, असे मी म्हणणार नाही. आम्ही कागदावर छेद काढत असू. त्यात चुका भरपूर असत, आणि पुढे ते कागद वाळवीने खाल्ले, हे एका अर्थी बरेच झाले. फरक इतकाच होता की कागदावर एकाच जागी दोन रेषा कोणी काढत नसे. इथे ते झाले होते. एका गटाने 'मुरुमाचा तळ' बनवला होता आणि दुसऱ्या गटाने 'पत्थराचा माथा'. मुरूम जिथे संपतो तिथेच पत्थर सुरू होतो. हे समजायला पदवी लागत नाही. पदवी घेतलेले दोघे एकत्र आले की मात्र एकाच गोष्टीचे दोन थर होतात.

दोन थर तंतोतंत एकाच जागी आले की संगणकाचा गोंधळ होतो. दाखवायचा कोणता? तो दोन्ही दाखवू पाहतो. मग तपकिरी आणि करडा रंग एकमेकांत घुसतात, ठिपक्या ठिपक्यांनी लुकलुकतात, ठोकळा फिरवला की सगळा पृष्ठभाग वळवळल्यासारखा दिसतो. संगणक चालवणारा माणूस बल्लारपूरचा होता. चाळिशी उलटलेला, बोलण्यात तिखट. त्याने या प्रकाराला नाव ठेवले होते. "सर, चित्राले खरूज झाली." साऱ्या कचेरीत तोच शब्द रूढ झाला होता, आणि तिथला तोच एक शब्द मला नेमका वाटला.

मी सांगितले की दोहोंपैकी एक थर काढा. प्रमुखांनी वहीत टिपून घेतले. तिथे टिपून घेतलेली गोष्ट झालेली समजण्यात येई. पुढे लुकलुकणे थांबले, तेव्हा मीही तसेच समजलो.

पहिली विहीर ज्या गावात व्हायची होती तिथे जागेवरून वाद झाला होता. गावाने एक पानाड्या आणला होता. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवून रान पालथे घातले आणि डोंगराच्या अंगाला एका ठिकाणी नारळ उभा राहिला. निम्मे गाव त्या नारळाच्या बाजूचे झाले. संस्थेच्या चित्राने मात्र जागा दाखवली ती नाल्याकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. ती बांधी एका बाईची. बौद्ध घरातली, सत्तरीकडे झुकलेली, अजूनही रोवणीला स्वतः चिखलात उतरणारी. तिला चंद्रपूरला बोलावून चित्र दाखवण्यात आले. ठोकळा तिच्यासाठीही फिरवला असणारच. ती गावी परतली आणि ग्रामसभेत उभी राहिली. तिने सांगितले, मी डोळ्यांनी पाहून आली, माझ्या बांधीखाली पाणी हाये, नारळाच्या नादी लागू नका. बांधीचा कोपरा तिने विहिरीसाठी लिहून दिला. तो कोपरा परत मिळणार नव्हता. विहीर कोरडी गेली असती तर गाव आणखी एक उन्हाळा नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर भांडत बसले असते, आणि त्या भांडणात रोज तिचेच नाव निघाले असते.

संस्थेने चित्राचा मोठा फ्लेक्स छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. 'आपल्या गावाचे अंतरंग' असे वर लिहिलेले. खाली प्रमुखांचा हसरा फोटो. पत्थर नऊ मीटरवर, असे बाण काढून दाखवलेले. पानाड्या बिचारा नारळ घेऊन निघून तरी गेला होता. संस्थेचा नारळ भिंतीवर कायमचा टांगलेला राहिला.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती बाई कचेरीत आली. प्रमुखांच्या टेबलाशी न थांबता माझ्याकडे आली. मी सर्वांत म्हातारा, एवढेच कारण असावे.

"भाऊ, ठेकेदारानं दगा केला. नऊ मीटर खोदतो म्हणला अन् खोदलं नाई. आता यारी उचलून दुसऱ्या गावाले चालला."

"मोजून पाहिले का?"

"मी कायले मोजू? फ्लेक्सवर पत्थर नऊ मीटरवर हाये का नाई? विहिरीत पत्थर लागलाच नाई. म्हंजे नऊ मीटर झालंच नाई. सिध्दा हिसाब हाये."

प्रमुख उठून आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पाहिलेत सर? गावकऱ्यांना आता मॉडेल वाचता येते."

गावकऱ्यांना मॉडेल वाचता येत होते, आणि मॉडेल वाचता येऊ लागल्यापासून टेप लावून पाहणे त्यांनी सोडले होते.

दुसऱ्या दिवशी गेलो. रस्त्यावर सूरजागडचे लोहखनिज नेणाऱ्या ट्रकांची रांग होती. वाट पाहणे आणि धूळ खाणे, दोन्ही झाले. ठेकेदार सिरोंच्याकडचा, तेलुगू वळणाची हिंदी बोलणारा. मला पाहताच त्याने हात जोडले. "साब, नौ बोले, नौ दिया. टेप लगाओ." टेप लावला. नऊ भरले. त्याने दगा केला नव्हता. मग तळातली एक पाटी वर मागवली. मुरूम होता. पिवळसर, सैल, मुठीत दाबला तर गोळा होईल इतका ओला. पत्थराचा कुठे मागमूस नव्हता.

काठावर गाव जमले होते. त्यात पानाड्याच्या बाजूचा एक किराणा दुकानदार होता. त्याला अशा प्रसंगी बोलल्याशिवाय अन्न पचत नसावे.

"बाई, कायले जीव जाळता? धान भरा त्यात. एवढी मोठी ढोली अख्ख्या तालुक्यात नाई."

लोक हसले. बाईने पदर खोचला आणि ठेकेदाराकडे पाहिले. तिचा राग अजून चुकीच्या माणसावर होता. ते मला तिथे सांगता आले असते. पण चूक नेमकी कुठे आहे हे मला पाहायचे होते. ठेकेदाराला मी एवढेच बजावले की पाट्या वर ओढणारी यारी हलवायची नाही. दोन दिवस थांबतो, पुढे नाही, असे तो म्हणाला.

कचेरीत परत आलो आणि प्रमुखांना सांगितले की तळाला मुरूम आहे.

"तो स्थानिक अपवाद असू शकतो," ते म्हणाले.

म्हणजे चित्र बरोबर, जमीन चुकली. मी बल्लारपूरच्या माणसाला चित्र उघडायला लावले आणि ठोकळा बाजूने दाखवायला सांगितला. त्या कचेरीत बाजूने कोणी पाहत नसे. वरून पाहिले की हिरवे रान, निळा नाला, सगळे छान दिसते. बाजूने पाहिले तर नुसत्या पट्ट्या दिसतात, त्यांत फोटो काढण्याजोगे काही नसते. त्याने ठोकळा आडवा केला. इतर थरांचे डोळे एकेक करून मिटले. दोनच उरले. 'मुरुमाचा तळ' खाली होता आणि 'पत्थराचा माथा' त्याच्या बराच वर. मुरूम संपण्याआधीच पत्थर सुरू झाला होता. दोन्ही रेषा एकाच वळणाच्या, खड्ड्याला खड्डा, उंचवट्याला उंचवटा. कोणीतरी थर जसाच्या तसा उचलून वर ठेवला होता. अंतर मोजले. सगळीकडे तीन मीटर.

"हा कोणी उचलला?"

"मीच उचलला ना सर."

"का?"

"मुंबईचे पाहुणे येऊन राह्यले होते. खरूज दिसून राह्यली होती. साहेब म्हणाले, बंद करा ते चमचम. एकाले वरती घेतलं का दुसरा त्याच्याखाली झाकल्या जाते. मंग चमकत नाई."

"पाहुणे गेल्यावर खाली का नाही आणला?"

"पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या सर. इथी टाळ्या पडलेल्या गोष्टीले कोणी हात लावत नाई." ठोकळा पुन्हा सरळ करत तो म्हणाला, "अन् मले काय मालूम, त्याच थरावरून विहीर मोजतीन? मी म्हटलं नुसतं दाखवाचं हाये."

त्याचे चुकले होते, पण त्याच्यावर चिडणे मला जमले नाही. दाखवायचे चित्र आणि मोजायचे चित्र वेगळे असते असे तो समजून चालला होता. कोणत्याही शहाण्या कचेरीत तसेच असते. इथे दाखवायचे तेच मोजायला घेतले होते. पाहुण्यांसाठी लावलेल्या तोरणावरून भिंतीची उंची मोजावी, तसला हा प्रकार.

प्रमुखांनी सगळे शांतपणे ऐकले. नंतर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"सर, थर खाली आणला तर सगळ्या गावांतल्या विहिरींच्या खोल्या बदलतील."

"बदलतील."

"फ्लेक्स लागले आहेत. अहवाल गेला आहे. पाहुण्यांनी पाहिले आहे."

"विहिरी अजून व्हायच्या आहेत. ही पहिली. तेवढे दैव."

"आपण मधला मार्ग काढू. हा थर आहे तसा राहू द्या. नवीन एक बनवू, 'पत्थराचा माथा सुधारित'. जुन्याचा डोळा मिटून ठेवू. कोणाचेच काम जाणार नाही."

ते थट्टा करत नव्हते. एका उचललेल्या थराने एक विहीर अडवली होती, आणि यावर त्यांचा उपाय आणखी एक थर हा होता. मिटलेला डोळा पुढच्या वर्षी कोणीतरी उघडणार, त्यावरून दुसऱ्या तालुक्यात विहिरी मोजणार, आणि तिथली जमीनही स्थानिक अपवाद ठरणार, हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. पुढच्या वर्षी ते इथे नसणार होते.

"थर आजच खाली येईल आणि दोहोंपैकी एक जाईल," मी म्हणालो. "नाही तर नऊ मीटरच्या विहिरीवर मी सही करणार नाही. करणारा दुसरा शोधा."

त्यांना ते परवडणारे नव्हते. सहीशिवाय काम पुरे होत नव्हते आणि काम पुरे झाल्याशिवाय त्यांची बदली पुण्याला होत नव्हती. शेवटी त्यांनी मान्य केले, पण कागदावर चूक असा शब्द येणार नाही, 'अतिरिक्त खोली' असे लिहायचे, या अटीवर. काय लिहायचे ते त्यांनी लिहावे, मी म्हणालो. थर माझ्यासमोर खाली आणला गेला. 'मुरुमाचा तळ' काढून टाकताना संगणकाने विचारले, नक्की काढायचा का? बल्लारपूरच्या माणसाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्या कचेरीत काढला गेलेला तो पहिला थर. ज्या गटाचा होता त्या गटाने दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणे सोडले. त्याने माझी सोयच झाली.

गावात जाऊन बाईला सांगायचे काम मात्र माझ्याकडे राहिले. प्रमुखांना त्या दिवशी बैठक होती. बैठक नसती तर त्यांनी बोलावली असती.

ती विहिरीच्या काठी मुरुमाच्या ढिगावर बसली होती. मी सरळ सांगितले. ठेकेदाराने नऊ मीटर खोदले आहे. चित्रच चुकले आहे. पत्थर बारा मीटरवर आहे.

"म्हंजे ठेकेदार खरा," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुमी लोक खोटे."

"हो."

"अन् मी ग्रामसभेत तुमच्यासाठी बोलली. या समद्यायच्या पुढं."

ती उठली, ठेकेदाराकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, म्या तुमाले चोर म्हटलं. माफ करजा." त्याला मराठी फारसे कळत नव्हते, पण हे कळले असावे. त्याने कानाला हात लावला आणि यारीवाल्याला हाक मारली.

तरीही काम लगेच सुरू झाले नाही. आता गाव आडवे आले. फ्लेक्सवर नऊ लिहिले आहे, मग बारा कशाला, यात काहीतरी काळेबेरे आहे, असे पंचायतीत बोलणे झाले. फ्लेक्सवर ज्यांचा विश्वास नव्हता तेच आता फ्लेक्सचा दाखला देत होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, कंप्युटर खोटं बोलत नाई. माणसं बोलतेत." उत्तर बाईने दिले. "तू दुकानात बस. तुयं तराजू बी कंप्युटरचंच हाये ना?" लोक पुन्हा हसले, या वेळी त्याला. तेवढ्यात यारीची मोटर सुरू झाली आणि तिच्या आवाजात पुढचे कोणाला ऐकू गेले नाही.

मुरूम असल्यामुळे सुरुंगाची गरज पडली नाही. पाट्या वर येत राहिल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा ओली. तीन मीटर पुरे होण्याच्या थोडे आधी भिंतीला घाम सुटावा तसे पाणी दिसू लागले. मग नाल्याच्या बाजूने एक धार आली, बोटाएवढी, गढूळ. वर आरडाओरडा झाला. खालून मजूर ओरडला की पत्थर लागला. मी टेप सोडला. बाराला थोडे कमी. ठेकेदार घाम पुसत माझ्याकडे आला, सहीसाठी.

"थांबा," बाई म्हणाली. "अजून एक हात खोदा."

"अम्मा, पत्थर लग गया."

"पत्थर तं नऊ मीटरवर बी होता."

कोणी हसले नाही. मी तिला सांगितले की आता चित्र दुरुस्त झाले आहे, खाली अखंड खडक आहे, आणखी खोदून काही मिळायचे नाही. तिने माझे पुरते ऐकून घेतले. मग यारीच्या डब्याकडे गेली, लुगड्याचा काचा घट्ट केला आणि आत बसली. यारीवाला माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला थांबवले नाही. डबा हळूहळू खाली गेला.

काठावरून ती लहानशी दिसत होती. तिने मजुराच्या हातून सब्बल घेतली आणि पाण्यात पाय रोवून मारली. लोखंडाचा टणत्कार वर आला. ती सरकली, दुसऱ्या जागी मारली. पुन्हा तोच आवाज. भिंतीला लागून मारली, धारेच्या तोंडाशी मारली, मधोमध मारली. दर वेळी सब्बल तिच्या हातात उडाली. पाणी एव्हाना तिच्या घोट्यांवर चढले होते. मजूर काहीतरी म्हणाला, तिने त्याला गप्प केले आणि आणखी एकदा मारून पाहिले.

चित्र, फ्लेक्स, टेप आणि मी, एवढे सगळे होऊनही तिने शेवटचा शब्द सब्बलीवर ठेवला. त्या सगळ्या प्रकरणात मला तुच्छ वाटली नाही अशी हीच एक गोष्ट.

डबा वर आला. लुगडे पोटरीपर्यंत भिजलेले, हाताला साल गेलेली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. ठेकेदाराला म्हणाली, "हाये. पत्थर हाये. बांधाले सुरुवात करा."

मग मी खोलीवर सही केली.